उसन्या श्वासाची सलामी

सुज्ञ वाचकहो, पुढील पृष्ठांत जी हकीकत निवेदन होणार आहे ती अद्याप घडलेली नाही. ती आजपासून सुमारे वीस वर्षांनी घडावयाची आहे. तथापि ती घडण्यास जी सामग्री लागते, म्हणजे विजेचा सूक्ष्म प्रवाह, मनुष्याचे स्नायू, पितळेची एक नळी आणि एकाच घरातील तीन माणसे, ती सर्व या जगात आजही उपलब्ध आहे. तेव्हा हिला केवळ कल्पनेचा खेळ न मानता वाचकांनी थोडे सावरून बसावे व शांत चित्ताने वाचावे, अशी प्रथमच विनंती करून कथेस आरंभ करतो.

करमाळ्याच्या पलीकडे देवीचे निमगाव म्हणून एक गाव आहे असे समजावे. त्या गावी चैत्री पौर्णिमेच्या सकाळी अंबाबाईची पालखी निघते. पालखी भुईवरून उचलली जाऊन भोयांच्या खांद्यावर जाते, तो क्षण तेथे फार पवित्र मानतात. त्या क्षणी एकटी ट्रंपेट सलामी देते. ढोल नाही, ताशा नाही, दुसरे कोणतेही वाद्य नाही. हा मान खंडागळे यांच्या घराकडे पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला. त्या घरातील मारुती मास्तर सलामी देऊ लागले की परांड्यापासून टेंभुर्णीपर्यंतची माणसे देवळाच्या ओट्यावर जागा धरून बसत.

परंतु मारुती मास्तरांना पक्षाघात झाला. डावे अंग गेले. चेहऱ्याची डावी बाजू ओल्या कापडासारखी लोंबू लागली, आणि ज्या ओठांनी पन्नास वर्षे पितळ बोलते केले ते ओठ चहाचा घोटही धड धरीनासे झाले.

तरीही मागील वर्षी सलामी झाली, आणि हुबेहूब मास्तरांचीच झाली. ती कशी, हे समजण्यासाठी येथे थोडे शास्त्र सांगणे अवश्य आहे.

ट्रंपेटला कळा असतात फक्त तीन. त्यातील एकही कळ न दाबता, केवळ ओठ कमी-अधिक आवळून, त्या नळीतून पाच-सहा निरनिराळे स्वर निघतात. अर्थात कोणता स्वर निघावा हे एकटी बोटे ठरवीत नाहीत. बोटे, ओठ आणि पोटातून येणारा श्वास, या तिघांनी डोळ्याचे पाते लवते न लवते तोच एकदम बदलावे लागते. बोट आधी पडले व ओठ मागे राहिले तर स्वर घसरतो. ओठ तयार आणि श्वास दुबळा, तर नुसती हवा फुसफुसते. श्वास जोराचा आणि ओठ ढिले, तर म्हैस हंबरावी तसा आवाज होतो. या तिघांचे सूत जमण्यास माणसाची वर्षानुवर्षे जात.

पुढे पुण्याच्या एका कंपनीने 'श्वाससाज' नावाचे उपकरण काढले. त्यात ओठांभोवती चिकटवायचा एक पारदर्शक पापुद्रा, बरगड्यांवर बांधायचा एक पट्टा आणि उजव्या हातात खांद्यापर्यंत चढवायचा एक मोजा. एखादा निष्णात वादक हे लेवून वाजवू लागला की त्याचा कोणता स्नायू कोणत्या क्षणी किती ताणला गेला याची नोंद साज ठेवी. मग तीच नोंद दुसऱ्याच्या अंगावर उलटी चाले. विजेचे बारीक प्रवाह त्याचे ओठ ओढत, पोट आवळत, बोटे दाबत. ज्याने जन्मात ट्रंपेट हाती धरली नाही तोही पहिल्याच दिवशी वरात गाजवी. मास्तर धडधाकट होते तेव्हा कंपनीने त्यांना पुण्यास नेऊन त्यांच्या वादनाची नोंद करून घेतली होती. आता महाराष्ट्रात जिथे तिथे, लग्नालग्नांतून, मास्तरांचे ओठ परक्या तोंडांवर नाचत होते.

मास्तरांचा थोरला मुलगा सुदाम याने आपल्या 'जय अंबिका ब्रास बँड'मध्ये असेच साजवाले तरुण भरले होते. त्यांतल्याच एकाने मागील वर्षी सलामी दिली. लोक गहिवरले. परंतु गोष्ट फुटली, आणि देवस्थानचे अध्यक्ष अप्पासाहेब नलवडे यांनी माघ महिन्यात सुदामला देवळात बोलावून घेतले.

"सुदाम, गेल्या साली सलामी कुणी दिली रे?"

"आमच्या बँडातल्या पोरानं, अप्पा."

"त्या पोराला मी परवा बाजारात इचारलं, बाबा, सा कुठला अन् पा कुठला? तर म्हणतो, मला काय ठावं, माझं तोंड आपोआप हलतंय."

ओट्यावर बसलेली मंडळी हसली. सुदामचे कान तापले.

"आवाज तर अण्णांचाच हुता ना? तुमच्या डोळ्याला पाणी आल्यालं मी बघितलंय."

"आलं हुतं," अप्पासाहेब म्हणाले. "म्हणून तर राग आलाय. आईपुढं माणसानं आपला श्वास वाहायचा असतो. उसना चालत न्हाई. यंदा तुमच्या घरचं कुणी आपल्या दमानं वाजवंल तर मान तुमचा. न्हाईतर परांड्याच्या बँडाला सुपारी दिऊ. मग पुढं तो मान त्यांचाच, हे ध्यानात ठेव."

सुदाम घरी आला तेव्हा त्याची धाकटी बहीण कुंदा शिवणयंत्रावर बसली होती. कुंदाने लग्न केले नव्हते. गावातील निम्म्या बायकांची ब्लाउजे ती शिवी आणि वडिलांचे सर्व करी. मास्तर खाटेवर उशांना टेकून बसले होते. सुदामने सर्व प्रकार सांगितला व शेवटी म्हणाला, "म्हातारं हट्टाला पेटलंय. आता घरातलं कोण वाजिवणार? मी तर बँडाफुडं काठी फिरविणारा माणूस."

यंत्राचे चाक थांबले.

"मी वाजवीन," कुंदा म्हणाली.

सुदाम हसला. "कुंदे, ते ब्लाउज नव्हं, उसवलं तर पुन्हा टीप मारायला."

"मग तू वाजीव की दादा. मी काठी फिरविते."

मास्तरांनी मान वळवली. त्यांचे शब्द अर्धेच बाहेर पडत. "पोरीचे... ओठ... फुटत्यात," ते म्हणाले.

कुंदा लहान असताना तिने ट्रंपेट मागितली होती तेव्हाही ते हेच बोलले होते. फुटक्या ओठांची मुलगी कोण करील, ही त्या काळची चिंता होती.

"आता कुणाला दाखवायचेत ओठ, अण्णा?" ती म्हणाली.

मास्तरांनी भिंतीकडे तोंड केले. पण नको म्हणाले नाहीत.

दुसऱ्या दिवशी दुपारी सुदाम सुपारी ठरवायला बाहेरगावी गेला असता कुंदाने त्याच्या पेटीतून एक साज काढला. आपल्या दमाने वाजवायचे हे तिला मान्यच होते. परंतु तिचा विचार असा की आधी साजाने अंगाला वळण लावून घ्यावे आणि वळण लागले की साज उतरवावा. तिने पापुद्रा चिकटवला, पट्टा बांधला, मोजा चढवला आणि वरातीची एक धून लावून साज सुरू केला.

तिचे पोट आत ओढले गेले. ओठांचे दोन्ही कोपरे कोणी चिमटीत धरून ताणावेत तसे ताणले गेले, आणि परसातल्या पेरूच्या झाडाखाली मारुती मास्तर वाजवू लागले. शेजारची गंगूमावशी निवडायचे सूप घेऊन तशीच कुंपणाशी आली. कुंदाचा आनंद तिच्या अंगात मावेना. इतक्यात धून भर रंगात आली असता तिचा उजवा हात कळा सोडून एकाएकी वर गेला, हवेत काहीतरी चिमटीत धरल्यासारखा झाला, आणि खाली येऊन छातीवरच्या नसलेल्या खिशात गेला. मग पुन्हा कळांवर आला आणि धून पुढे चालू झाली.

"अगं, माशी मारलीस का काय?" गंगूमावशीने विचारले.

कुंदाने धून पुन्हा लावली. त्याच जागी हात पुन्हा वर गेला. या वेळी तिने ओळखले. वरातीत नवरदेवाचा मामा वादकाच्या डोक्यावरून नोट ओवाळतो, आणि वादक ती वाजवता वाजवता चिमटीत पकडून खिशात घालतो. अण्णा असेच पकडत. लहानपणी तिने शंभरदा पाहिले होते. कंपनीने स्वरांबरोबर सगळा माणूसच उचलून नेला होता.

ती साज लावून रोज वाजवू लागली. पंधरवड्यानंतर तिने साज उतरवला, ट्रंपेट ओठांशी नेली आणि फुंकली. नुसती हवा. पुन्हा फुंकली. पुन्हा हवा, आणि शेवटी एक असा आवाज की गंगूमावशीची शेळी दावे तोडून पळाली. पंधरा दिवसांपूर्वी जे येत नव्हते ते आजही येत नव्हते. कुंदा पेरूखाली बसली आणि तिला प्रथमच भय वाटले की मान आपल्यामुळेच जाणार.

फाल्गुनाच्या आरंभी पुण्याहून एक गाडी दारात थांबली. साजाच्या निर्मात्यांपैकी एक, डॉक्टर इरावती मोघे, मास्तरांना भेटण्यास आल्या होत्या. बाई पन्नाशीच्या आणि दिलखुलास. खाटेजवळ खुर्ची ओढून त्या म्हणाल्या, "मास्तर, तुमच्यामुळे आम्ही अडचणीत आलोय. नगरहून, लातूरहून, सगळीकडून एकच तक्रार. एका विशिष्ट धुनीत अख्खा बँड उजवा हात वर करतो. परवा एका लग्नात आठ जणांनी एकदम हात वर केले, तर वधूपक्षाला वाटलं आपल्यालाच नमस्कार. त्यांनीही केला. आमच्या तज्ज्ञांचं मत आहे की ते तुमचं श्वासाचं काही खास तंत्र असावं. म्हणून ते काढायला आम्ही धजत नाही."

मास्तरांचे खांदे हलू लागले. आजारपणानंतर ते प्रथमच हसत होते, तेही अर्ध्या तोंडाने, आणि हसता हसता त्यांच्या उजव्या डोळ्यातून पाणी आले.

"नोट," ते म्हणाले. "तुमची पोरं... नोटा ओवाळीत हुती."

इरावतीबाईंना आठवले. नोंद चालू असताना मास्तरांना रंग चढावा म्हणून प्रयोगशाळेतील तरुणांनी हौसेने नोटा ओवाळल्या होत्या. त्यांनी कपाळावर हात मारला.

"पन तंतर... खरं हाय," मास्तर पुढे म्हणाले. "लोकं नोटंकडं बघत्यात. तवा मी... श्वास घेतो. चोरून. लोक म्हंत्यात... मास्तर एका दमात वाजिवतो."

कुंदा चहाचा ट्रे घेऊन दारातच थांबली. "म्हंजी अण्णा, तुमी दम घेता?"

"न घेऊन... मरू का?"

चहा झाल्यावर कुंदाने आपली अडचण सांगितली. पंधरा दिवस साज लावून ती मास्तरांसारखी वाजवत होती, पण साज उतरताच कोरी. असे का व्हावे?

यावर इरावतीबाईंनी जे सांगितले ते ध्यानात घेण्यासारखे आहे. मेंदू जेव्हा एखाद्या स्नायूला आज्ञा देतो, तेव्हा त्या आज्ञेची एक प्रत तो स्वतःजवळ ठेवतो. मग कान, ओठ, बोटे यांच्याकडून जे वर्तमान परत येते ते तो त्या प्रतीशी ताडून पाहतो. काय सांगितले होते आणि काय झाले, यांत जे अंतर पडते तेवढेच तो शिकतो. साज लावल्यावर ओठ हलतात खरे, परंतु आज्ञा मेंदूची नसते. प्रतच नाही, तर ताडणार कशाशी? मेंदू पाहुण्यासारखा नुसता बसून ऐकतो.

"म्हणजे चुकल्याबिगर शिकता येत न्हाई," कुंदा म्हणाली.

"अगदी तसंच. आणि आमचा साज चुकूच देत नाही."

"मग त्यानं वढायचं सोडून नुसतं चाचपलं तर? ओढायचं मी. माझं कोण मागं ऱ्हायलं, ओठ का बोट का पोट, एवढंच त्यानं सांगायचं. चुकीच्या जागी टिचकी मारायची."

इरावतीबाईंनी बशीत कप ठेवला. "हे आम्ही करायला हवं होतं," त्या म्हणाल्या. "पण न चुकणारं यंत्रच लोक मागत होते."

आठवड्याभरात बदललेला साज आला. तो आता कुंदाचा एकही स्नायू हलवीत नसे. ती वाजवी, तो तपासी, आणि जे उशिरा झाले तेथे मुंगी चावावी एवढीच टिचकी देई. पहिल्या दिवशी तिच्या सर्वांगावर जणू वारूळ फुटले. ओठ मागे, बोट पुढे, श्वास अर्ध्यातच संपलेला. ओठ सुजले, भाकरीबरोबरच्या कोरड्यासाचे तिखट लागले की डोळ्यांत पाणी येई. गंगूमावशीने शेळी माहेरी पाठवली. सुदाम येता जाता म्हणे, "परांडेवाल्यांना निरोप धाडू का आताच? बिचारे तयारी तरी करतील."

मास्तर मात्र खाट परसात मांडावयास सांगू लागले. त्यांना फार बोलता येत नसे. ते कुंदाला समोर पाठमोरी बसवीत आणि उजव्या हाताचा तळवा तिच्या पाठीवर, बरगड्यांच्या खाली ठेवीत. श्वास छातीत घेतला तर तळवा हलत नसे, आणि ते बोटाने टोचत. श्वास खाली पोटापर्यंत गेला की पाठ फुगून तळवा मागे रेटला जाई. तेव्हा ते काही बोलत नसत, आणि तीच शाबासकी असे. पुढून साजाची टिचकी, मागून वडिलांचा तळवा, अशा दोघांच्या मध्ये कुंदा शिकू लागली.

शिवणयंत्रावर पाय चाक फिरवतो, उजवा हात कापड पुढे सारतो, डावा ते ताणून धरतो, आणि बाई गप्पा मारीत असते. कोणता अवयव काय करतो याचा विचार केला की टीप वाकडी जाते. कुंदाला हे ठाऊक होते, आणि म्हणून एके दिवशी सकाळी तिने ओठांचा, बोटांचा, पोटाचा विचार सोडला आणि फक्त पुढचा स्वर कानात आधी ऐकला. तिघेही आपोआप तिथे जाऊन पोचले. साज चिडीचूप राहिला. तिने तोच स्वर पुन्हा वाजवला, मग त्याच्या वरचा, मग त्याच्याही वरचा. अंगावर एकही मुंगी चावली नाही.

मागे पाहिले तर मास्तर पडलेल्या ओठाला उजव्या हाताने वर धरून बसले होते, जणू तिच्याबरोबर तेही वाजवीत होते.

ही गोष्ट कुंदाने फोनवर इरावतीबाईंना सांगितली. बाई म्हणाल्या, "कुंदा, तुझा साज आता तुझे ओठ ओळखतो. मास्तरांचा डावा ओठ मेंदूची आज्ञा ऐकत नाही, पण स्नायू जिवंत आहे. तुझ्या ओठांचं वर्तमान त्या क्षणीच त्यांच्या डाव्या ओठाकडे पाठवलं तर?"

"त्यांची सोताची जुनी नोंद हाय की."

"ती धडधाकट तोंडाची आहे, आणि बहिरी आहे. आज त्यांचा उजवा ओठ काय करतोय ते तिला ऐकू येत नाही. पुढे निघून जाईल. त्यांना बरोबर चालणारं जिवंत माणूस हवं."

मास्तर आधी तयार होईनात. "पोरीच्या... ओठानं... मी?" एवढे म्हणून त्यांनी हात झटकला. कुंदाने त्यांची समजूत घातली नाही. ती एवढेच म्हणाली, "अख्ख्या महाराष्ट्रानं तुमचे ओठ लावले, अण्णा. तवा तुमी कुणाला इचारलं न्हाई."

मास्तरांनी उजव्या हाताने पापुद्रा मागितला.

प्रयोगासाठी इरावतीबाई स्वतः आल्या होत्या. कुंदाने एक लांब, साधा स्वर धरला. मास्तरांचा डावा ओठ थरथरला, वर चढला आणि उजव्याशी जुळला. दुसरी एक ट्रंपेट कुंदाच्या गुडघ्यावर टेकवून त्यांच्या तोंडाशी धरली होती. मास्तरांनी फुंकले. प्रथम हवा आली. मग घोगरा, चिरफाळलेला, पण स्वर आला. तो कुंदाच्या स्वराला जाऊन लागला आणि दोन्ही मिळून परसात भरून राहिले. कुंदाचा श्वास संपला तेव्हा मास्तरांचा ओठही खाली आला.

गंगूमावशी कुंपणापलीकडून म्हणाली, "आता शेळी आणायला हरकत न्हाई."

बातमी गावभर झाली, आणि तिच्याबरोबर एक नवीन संकट उभे राहिले. सुदाम त्या दिवशी धावत घरी आला. त्याचा चेहरा फुलला होता. "झालं काम," तो म्हणाला. "अण्णाच सलामी देत्यात. सारा तालुका लोटंल. कुंदे, तू देवळाच्या आत बसून वाजीव. कुणाला दिसायला नको. अण्णांचं तोंड हललं म्हंजी बास."

कुंदाच्या हातातील कापड खाली आले. तिच्या मनात आले की हे योग्यच आहे. अण्णांचा मान आहे, सलामी अण्णांनीच द्यावी. पण दीड महिना तिने जे ओठ फोडले ते आत बसण्यासाठी नव्हते.

"अण्णांना पायजे असंल तर मी आत बसते," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी मास्तरांनी अप्पासाहेबांना घरी बोलावून घेतले. अप्पासाहेबांनी सर्व ऐकून पंचाला साजेसा प्रश्न केला. "मास्तर, दम तुमचा, पन ओठ निम्मे लेकीचे. हे उसनं म्हणायचं का घरचं?"

मास्तर पुष्कळ वेळ शब्द जुळवीत राहिले.

"ती थांबली," ते म्हणाले, "की मी मुका. मी थांबलो... तरी ती वाजिवते." थोडे थांबून त्यांनी कुंदाकडे बोट केले. "मग सलामी... कुणाची, अप्पा?"

अप्पासाहेबांनी पागोटे काढून मांडीवर ठेवले. "तिची," ते म्हणाले.

"ती... फुडं. मी तिच्या मागं. आत... कुणीच न्हाई."

सुदाम उठून परसात गेला आणि पेरूखाली उभा राहिला. कुंदा पाणी द्यायला गेली तेव्हा तो तिच्याकडे न पाहता म्हणाला, "मला लहानपणी अण्णांनी शिकिवलं हुतं. मी पळून जायचो. ओठ दुखत्यात म्हणून." मग तांब्या परत देऊन म्हणाला, "तुझे दुखत न्हाईत का गं?"

"लई दुखत्यात, दादा."

चैत्री पौर्णिमेची सकाळ उजाडली. देवळाचा ओटा, कमानीवरची भिंत, चिंचेच्या फांद्या, सर्व माणसांनी भरून गेले. परांड्याच्या बँडाची मंडळीही आली होती. ती एका बाजूला हात बांधून उभी होती, काय होते ते पाहण्यास. पालखी भुईवर ठेवलेली. भोई वाकून दांड्यांना हात लावून तयार. मास्तर मागे चाकांच्या खुर्चीवर, मांडीवर ट्रंपेट; पहिली सलामी लेकीने एकटीने द्यायची आणि दुसऱ्या वेळी त्यांनी साथ करायची, असे ठरले होते. कुंदा हिरवे लुगडे नेसून सर्वांपुढे एकटी. तिच्या ओठांवर पापुद्रा होता, पण तो फक्त तपासणारा आणि वडिलांकडे निरोप पाठवणारा होता. ती काही मागणार असती तरी तिला देण्यासारखे त्याच्यापाशी काही नव्हते.

अप्पासाहेबांनी हात वर केला. कुंदाने श्वास खाली पोटात घेतला, इतका खाली की पाठीवर नसलेला तळवाही मागे रेटला गेला असेल. आणि सलामी सुरू झाली.

पहिले स्वर स्वच्छ पडले. मग ती चढत गेली. वरचा लांब स्वर आला तेव्हा गर्दीतले हुंकार थांबले. परंतु तो स्वर मास्तरांच्या छातीच्या मापाचा होता. कुंदाला जाणवले की आपला श्वास तेथपर्यंत पुरणार नाही. येथे कोणी नोट ओवाळीत नव्हते. चोरण्याजोगी जागा नव्हती. स्वर कापू लागला. परांडेकरांपैकी एकाने शेजाऱ्याला कोपर मारले.

त्याच क्षणी भोयांनी पालखी उचलली. दरवर्षी उचलतात तशीच, अंगातल्या सगळ्या बळाने, आणि दरवर्षी ओरडतात तसेच ओरडले, "उदो गं आई, उदो." सबंध देऊळ त्यांच्यामागे ओरडले. शेकडो कंठांतून एकदम श्वास बाहेर पडला, आणि त्या गर्जनेखाली कुंदाने आपला आत घेतला. गर्जना ओसरली तेव्हा तिचा स्वर तेथेच होता, पहिल्याहून भरदार. लोकांना वाटले, तो तुटलाच नव्हता. तिने तो शेवटपर्यंत नेला, वरून खाली उतरवला, आणि पायरीवर समई ठेवावी तसा जागच्या जागी ठेवून दिला.

परांड्याच्या बँडमास्तरांनी आपली टोपी काढली.

कुंदाने मागे वळून पाहिले. मास्तर ट्रंपेट उजव्या हाताने उचलू पाहत होते. परंतु उजवा हात कळांसाठी लागतो, आणि वाद्य ज्या हाताने धरायचे तो डावा हात मांडीवर निर्जीव पडला होता. ही गोष्ट घरात, कुंदाच्या गुडघ्यामुळे, कोणाच्या लक्षातच आली नव्हती. ट्रंपेट तिरकी झाली, निसटू लागली. गर्दीतून कोणी पुढे होण्याआधीच सुदाम काठी टाकून वडिलांशेजारी गुडघ्यांवर बसला. त्याने आपल्या डाव्या हाताने वाद्य घट्ट धरले आणि माउथपीस मास्तरांच्या ओठांशी नेले.

"धरलंय, अण्णा," तो म्हणाला. "वाजवा."

कुंदाने सलामी पुन्हा पहिल्यापासून घेतली. पहिला स्वर तिचा एकटीचा. दुसऱ्यात एक घोगरा स्वर येऊन मिळाला, अडखळला, पुन्हा मिळाला, आणि मग सुटला नाही. वर चढताना मास्तरांची बोटे कळांवर तशीच पडत होती जशी पन्नास वर्षे पडत आली. श्वास त्यांचा होता, ओठ लेकीने सावरला होता, आणि लेकाचा हात न हलता वाद्याखाली होता. ओट्यावरचे म्हातारे उभे राहिले. अप्पासाहेबांच्या डोळ्यांना पाणी आले, आणि या वेळी त्यांना कोणाचा राग आला नाही.

लांब स्वरापाशी दोघांनाही दम कमी पडला. तेव्हा भोयांनी, कोणी न सांगता, पालखी हातभर उंच झुलवून पुन्हा "उदो" म्हटले. बाप-लेकींनी एकदम श्वास घेतला. इतका एकदम की साजालाही त्यात अंतर सापडले नाही.

सलामी संपली, आणि पालखी हलली. कुंदा पालखीपुढे चालू लागली, आणि तिच्या मागून सुदाम, एका हाताने वडिलांची खुर्ची ढकलीत, दुसऱ्या हाताने ट्रंपेट त्यांच्या ओठांशी धरून, पुढच्या धुनीची वाट पाहत चालू लागला.

येथवर ज्यांनी ही कथा वाचली त्या सर्व वाचकांचे मी मनःपूर्वक आभार मानतो. माझे शिक्षण थोडे आहे, तेव्हा लिहिण्यात जे उणे राहिले असेल ते आपण आपल्या समजुतीने पुरे करून घ्यावे. आपण वेळ दिलात, हा मी माझा मान समजतो.

आपला नम्र,
ज्ञानोबा तुळशीराम वायदंडे